सबस्टेशन ठेक्यावर गेलं तेव्हा

सबस्टेशनच्या पॅनलवर लाल दिवा म्हणजे लाइन चालू आणि हिरवा म्हणजे बंद. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी यात दोनदा चुकले. हँडलला हात लावायची परवानगी अजून नव्हती, म्हणून ती चूक नुसती तोंडी राहिली. मला शिकवणारे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे आप्पा म्हणायचे, ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, रस्त्यावर लाल दिवा थांब म्हणतो. हितंबी तेच म्हणतोय. लाल हाय तवर लाइनीपासून लांब थांब." त्यानंतर माझी चूक झाली नाही.

मी मूळची भांडगावची. आमची हायवेला लागून बागायती. शेवंती, झेंडू आणि मधल्या सऱ्यांत मेथी-कोथिंबीर. वडिलांचं सगळं वेळापत्रक लाइटीवर. लाइट आली की जेवणाचं ताट सरकवून विहिरीकडं पळायचे. त्या पळापळीमुळंच असेल, मला ही लाइट येते तरी कुठून हे बघायचं होतं. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नाव घातलं. त्या ट्रेडला आम्ही दोघीच मुली. पुढं वीज बोर्डाची भरती निघाली आणि मी लागले. कागदावर बोर्डाची कधीच सरकारी कंपनी झाली होती, पण आमच्या भागात आजही सगळे बोर्डच म्हणतात.

सासर न्हावऱ्याजवळचं. नेमणूक मिळाली शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या एका सबस्टेशनला, इनामगावच्या अलीकडं. आमचे हे रांजणगावला एका कारखान्यात शिफ्टला जातात. कंपनीची बस त्यांना फाट्यावरून घेते. मी स्कूटीवर उलट्या दिशेला. पहिल्या वर्षी लोक मुद्दाम सबस्टेशनच्या गेटपाशी थांबून बघायचे, की बाई खरंच आत एकटी बसते का. बसत होते. एकदा ऐन दुपारी ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदलला. नेहमीच्या घुमण्यात एक खरखर आली. मी लोड कमी केला, साहेबांना फोन लावला. तपासणीत आतलं एक कनेक्शन ढिलं निघालं. साहेबांनी विचारलं, "मीटरवर तर काही दिसत नव्हतं, तुम्हाला कसं कळलं?" मी सांगितलं, "रोज ऐकते ना साहेब." त्या दिवसापासून गेटवर कोणी बघायला थांबलं नाही. लोक मला नावानं न हाक मारता ऑपरेटरताई म्हणू लागले आणि मला ते नावापेक्षा आवडायचं.

आमच्या कामात एक वही असते, परमिटाची. वायरमनला लाइनवर चढायचं असेल तर तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर ती लाइन बंद करतो, यार्डातला स्विच उघडतो, त्याच्या हँडलला कुलूप घालतो, 'माणसं काम करत आहेत' ही पाटी अडकवतो आणि वहीत नाव आणि वेळ लिहितो. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. त्याच्या साहेबानं नाही, त्याच्या जोडीदारानं नाही. स्वतः येऊन सही करायची किंवा स्वतःच्या आवाजात फोनवर सांगायचं. मग लाइन चालू. आप्पांनी मला बाकी सगळं चार महिन्यांत शिकवलं, पण या वहीचा धडा ते सेवानिवृत्त होईपर्यंत घेत राहिले. त्यांच्या सबंध नोकरीत त्यांच्या हातून माणूस वर असताना लाइन एकदाही चालू झाली नव्हती. निरोपाच्या हारापेक्षा त्यांना त्याचं अप्रूप जास्त होतं.

आप्पा निवृत्त झाल्यावर दीड-दोन वर्षांत ते पत्र आलं.

आमच्या भागातली काही सबस्टेशनं चालवायला खाजगी एजन्सीकडं द्यायची ठरली होती. मालकी सरकारचीच, चालवणारी माणसं ठेकेदाराची. आम्ही चार ऑपरेटर होतो. चौघांनी पंधरा दिवसांत नव्या माणसांना चार्ज द्यायचा आणि दुसरीकडं हजर व्हायचं. माझी बदली दौंडला. संघटनेनं शिरूरला गेटसभा घेतली, आम्ही काळ्या फिती लावल्या, घोषणा दिल्या. मी पहिल्यांदाच माइकवर बोलले आणि काय बोलले ते आता आठवत नाही, फक्त आवाज फाटला होता हे आठवतं. पत्र काही बदललं नाही.

घरी मी चिडलेली होते. आमचे हे शांतपणे जेवत होते. म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतीस? आमच्याकडं सगळं प्रायव्हेटच हाय. तीन शिफ्ट बिनबोभाट चालत्यात."

"तुमच्याकडं मशीन बंद पडलं तर माल अडकतो. आमच्याकडं माणूस लटकलेला असतो."

त्यांनी आमटी वाढून घेतली. मग स्वतःहूनच म्हणाले, "तसं एक हाय. आमच्या ठेकेदाराची पोरं सहा महिन्याला बदलत्यात. मशीनचा आवाज वळखू येईपर्यंत त्यांचा गेटपास संपतो."

मला हेच सांगायचं होतं, पण सभेत ते इतक्या सोप्या शब्दांत सुचलं नव्हतं.

चार्ज घ्यायला जे आले त्यांच्यात एक जण पंचेचाळिशीचे होते. बाकीचे दोघे तिशीच्या आतले. या थोरल्यांना मी दादा म्हणू लागले. ते रांजणगावच्या एका कारखान्यात चौदा वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, तीही ठेक्यावरच. तिथली उत्पादनाची एक लाइन बंद झाली आणि त्यांना घरी बसवलं. वर्षभर ते लोकांच्या विहिरींवर मोटारी दुरुस्त करत हिंडले होते. पहिल्याच दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या जाग्यावर मी आलोय. राग हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "पण तुमच्यावर न्हाई."

"मग चालंल," ते म्हणाले आणि डायरी उघडली.

खरं सांगायचं तर त्या रात्रीपर्यंत माझ्या मनात होतं की वरवर दाखवावं आणि निघून जावं. आमच्यातल्या एकानं तसं बोलूनही दाखवलं होतं, की पडू द्या बंद चार वेळा, मग कळंल वरच्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाता जाता मी आप्पांच्या वस्तीवर थांबले. ते कांद्याच्या वाफ्याला पाणी देत होते. मी विचारलं, "आप्पा, ह्यांना नीट शिकवायचं का न्हाई?"

आप्पांनी खोरं बाजूला ठेवलं. "लाइन कुणाच्या नावावर हाय ते करंटला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "तू न शिकवल्यानं मरणार कोण? वरचा साहेब? आपला वायरमनच ना?"

मी शिकवलं. पंधरा दिवसांत जेवढं घालता येईल तेवढं घातलं. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या काचेतले दाणे निळे असावेत, गुलाबी झाले की ओल शिरली. तेलाचं तापमान दर तासाला. बॅटऱ्यांचं पाणी. फीडर, म्हणजे सबस्टेशनातून गावांकडं निघणारी लाइन, ट्रिप होऊन बंद पडला की लगेच चालू करायची घाई नाही, आधी बिघाड दाखवणारा रिले बघायचा, काय सांगतोय ते. दोघं तरुण मोबाइलमध्ये फोटो काढून घ्यायचे. दादा लिहून घ्यायचे आणि नंतर मला उलट विचारायचे, असं का, तसं का. कारखान्यात मोठ्या पॅनलवर काम केलेला माणूस, हात तयार होता. त्यांना नवं होतं ते एवढंच, की आपल्या पॅनलच्या दुसऱ्या टोकाला दहा-बारा किलोमीटरवर कोणीतरी उघड्या तारेला हात घालून उभा असतो.

ते समजावं म्हणून मी एके दिवशी तिघांना घेऊन लाइनवर गेले. आमचे वायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, एका खांबावर जम्पर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बदलत होते. ते ठिकाण म्हणजे इनामगावची पांढरीची टेकाडं ओलांडून नदीकडं उतरलेली घळ. जुन्या वस्तीच्या त्या टेकाडांवर पुरातत्त्वाची खोदाई झालेली आहे, तिथं खांबासाठी खड्डा घ्यायला मनाई, म्हणून आमची लाइन तिथं वळसा घालून खाली नदीच्या अंगाला उतरते. मामा वर पट्ट्यावर रेलून काम करत होते. खालून मी ओरडून विचारलं, "मामा, तिथनं काय काय दिसतंय?"

"नदी दिसती, ऊस दिसतो," मामा वरून म्हणाले. "तुमचं सबस्टेशन काय दिसत न्हाई. फोनला रेंजबी न्हाई. तुम्ही बंद म्हणला, म्हणून मी वर हाय."

दादा मान वर करून बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी परमिटाच्या वहीचा नमुना स्वतःच्या डायरीत तीन वेळा उतरवून काढला.

चार्ज दिला आणि मी दौंडला हजर झाले.

नंतर मी अधूनमधून त्या रस्त्यानं जायचे तेव्हा सबस्टेशनकडं बघायचे. सुधारणा झाल्या होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. यार्डात नवी खडी पडली होती, कुंपण नीट झालं होतं, कॅमेरे लागले होते. आम्ही त्या खडीसाठी किती पत्रं लिहिली होती ते मला माहीत आहे. पण बाजूला स्टाफची चार क्वार्टरं होती, त्यांना कुलपं लागली आणि अंगणात वेडी बाभूळ उगवली. आम्ही चौघं होतो तेव्हा दोन कुटुंबं तिथं राहायची, त्यांची मुलं गावच्या शाळेत, किराणा गावात, दूध गावातलं. नवी माणसं पाळीपुरती दुचाकीवर डबा घेऊन येतात आणि पाळी संपली की जातात. त्यांच्या पगारात गावात खोली घेऊन राहणं बसत नाही. समोरचं चहाचं हॉटेल चालवणारी बाई मला म्हणाली, "ताई, तुमच्यावर माझं हॉटेल चालत न्हवतं, पण महिन्याच्या पगाराला उधारी फिटायची, त्याच्यावर मी माल भरायची. आता समदी डबेवाली आली." सहा महिन्यांनी तिनं हॉटेल बंद केलं आणि रांजणगावला कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटायला जाऊ लागली. तिथं तिला बरं मिळतं असं ती सांगते. गावाला मात्र चहा प्यायला आता फाट्यापर्यंत जावं लागतं. आणि एक गोष्ट मला आयटीआयच्या मुलींकडून कळली. पूर्वी त्या बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करायच्या. आता विचारतात, ताई, तेच पॅनल, तीच ड्यूटी, मग आम्हाला ठेक्यावर का?

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला.

आदल्या दिवशी वारं सुटलं होतं आणि शेतीच्या फीडरवर दोन ठिकाणी बिघाड झाला होता. एक रस्त्याकडंच्या बाजूला, लिंबाची फांदी तारेवर पडलेली. दुसरा त्याच घळीत, नदीकडं, तार धरणारा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटलेला. त्यामुळं एकाच फीडरवर दोन परमिटं गेली होती. रस्त्याकडचं काम एका टोळीनं घेतलं, घळीतलं मामांनी. रस्त्याकडचं काम दुपारी दीडला संपलं, त्या टोळीनं फोन करून परमिट परत केलं. मामांचं परमिट बाकी होतं.

पावणेदोनला दौंडला मला दादांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"ताई, एक विचारायचं होतं. सुपरवायझरचा तिसऱ्यांदा फोन आलाय. काम झालंय, लाइन चालू करा म्हणतात. मी म्हणलं मामांचं परमिट बाकी हाय. तर म्हणतात ते कवाच खाली उतरले, मी सांगतो ना. मामांचा फोन लागत न्हाई. गेटवर लोक आलेत, उसाची पाळी चुकती म्हणून. मी चुकतोय का?"

"कुलूप कुठं हाय?"

"हँडललाच हाय."

"किल्ली?"

"माझ्या खिशात."

"न्हाई चुकत तुम्ही," मी म्हणाले. "मामांचा आवाज ऐकल्याबिगर किल्ली काढू नका. आन् प्रत्येक फोन वहीत लिहा. कुणाचा, किती वाजता, काय म्हणले. मी येते."

मी दौंडच्या साहेबांकडं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटी काढली. भीमेचा पूल, काष्टी, मग घोडचा पूल. ऊन असं होतं की हेल्मेटमधून घाम डोळ्यांत उतरत होता. वाटेत माझ्या डोक्यात एकच येत होतं, की ते सबस्टेशन आता माझं नाही, मला तिथं पाऊल टाकायचाही अधिकार नाही, आणि दादांना काढलं तर त्यांच्या घरी काय होईल. दुसरं, मामांचं, यायचं ते मी येऊ देत नव्हते.

पोहोचले तेव्हा पावणेतीन वाजत आले होते. गेटवर पंधरा-वीस शेतकरी. सगळ्यात पुढं गावातले एक आबा, सोसायटीत वजन असलेले, मोठ्या आवाजाचे. एजन्सीच्या सुपरवायझरची गाडी आत उभी. मला बघून आबा म्हणाले, "बरं झालं ऑपरेटरताई आली. अगं, ह्यो माणूस लाइन चालू करंना. तुमच्या टायमाला असं न्हवतं."

"आबा, माझ्या टायमाला असंच होतं," मी म्हणाले. "तुमी गेटवर येत न्हवता एवढंच."

आत पॅनलपुढं खुर्चीवर दादा बसले होते. उजवा हात शर्टाच्या खिशावर. सुपरवायझर त्यांच्यासमोर उभा, तरुण, इस्त्रीच्या कपड्यांतला, घामाघूम. तोही कुणाच्या तरी फोनखाली दबलेला होता हे दिसत होतं. मला म्हणाला, "मॅडम, तुमचा आता या सबस्टेशनशी संबंध नाही. तुम्ही मध्ये पडू नका."

"सबस्टेशनशी न्हाई," मी म्हणाले. "वर चढलेल्या माणसाशी हाय. तो आमच्याच बोर्डाचा वायरमन हाय. तुम्ही त्यांना खाली उतरताना बघितलं का?"

"मला टीमनं सांगितलं काम झालं."

"कुठल्या टीमनं?"

त्यानं मोबाइल बघितला, पुन्हा दादांकडं वळला. "हे बघा, शेवटचं सांगतो. किल्ली द्या. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

दादांचा चेहरा उतरला. मला वाटलं आता देतील. चौदा वर्षांनंतर एकदा घरी बसलेला माणूस, दुसऱ्यांदा बसणं सोपं नाही. ते खुर्चीवरून उठले. हात खिशावरच. म्हणाले, "साहेब, उद्यापासून न्हाई येत. पण आज मी ड्यूटीवर हाय."

सुपरवायझर दोन पावलं मागं सरकला. बाहेर आबांचा आवाजही खाली आला होता, कारण खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दहा मिनिटं गेली असतील. गेटवर मोटारसायकलचा आवाज आला. मामा. कमरेला पट्टा तसाच, हातमोजे खिशात कोंबलेले, पॅन्टला खांबाचा गंज लागलेला. एवढी गर्दी बघून ते गोंधळले. "काय झालं? कुणाला लागलं का?"

आबांनीच विचारलं, "मामा, तुमी आत्ता कुठं होता?"

"कुठं म्हंजी? खांबावर. इन्सुलेटरचा बोल्ट गंजलेला, निघंचना. पाऊण तास त्याच्यातच गेला. आत्ता उतरलो आन् थेट हिकडंच आलो." त्यांनी आत येऊन वही मागितली, सही केली, वेळ घातली. "परमिट परत. करा चालू."

दादांनी किल्ली काढली, यार्डात गेले. कुलपात किल्ली पहिल्यांदा बसली नाही. कुलूप काढलं, पाटी काढली, स्विच बसवला, आत येऊन पॅनलचा ब्रेकर चालू केला. लाल दिवा लागला. बाहेर लोक पांगले नाहीत. आबा पायरीवर बसले. टोपी काढून हातात घेतली. मामांना अजून कळलं नव्हतं की या सगळ्यात त्यांचा काय संबंध. मी बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा ते दादांकडं गेले आणि त्यांचा दंड घट्ट धरून उभे राहिले. सुपरवायझर भिंतीला टेकून उभा होता. मला त्याचा राग यायला पाहिजे होता, पण त्याचा रंग असा पांढरा पडला होता की मीच त्याला माझी पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी दादा ड्यूटीवर गेले, तर त्यांच्या जागी दुसरा माणूस बसलेला. एजन्सीच्या ऑफिसमधून सांगितलं होतं, वरिष्ठांशी उद्धट वर्तन.

मला वाटलं होतं लोक विसरून जातील. उसाला पाणी मिळालं होतं. पण सकाळी नऊला आबांचा फोन आला. "ऑपरेटरताई, शिरूरला साहेब किती वाजता बसत्यात?" मी पुन्हा रजा टाकली. शिरूरच्या ऑफिसात आम्ही गेलो तेव्हा आबांबरोबर काल गेटवर आलेले जवळजवळ सगळे होते, मामा होते, आणि दादा सगळ्यात मागं, कुणाच्या लक्षात येऊ नये असे. निघायच्या आधी आमच्या यांनी मला विचारलं होतं, "तुझ्या नोकरीला काय हुईल का?" मी म्हणाले, "माहीत न्हाई." ते म्हणाले, "मग डबा घेऊन जा, वेळ लागंल." आणि स्वतः भरून दिला.

साहेबांनी आधी मलाच विचारलं, "तुम्ही परवानगीशिवाय दुसऱ्या सबस्टेशनला का गेलात?"

"चुकलं असेल साहेब. लेखी द्या, मी लेखी उत्तर देते. पण आधी परमिटाची वही मागवा."

वही आली. साहेबांनी पान उघडलं. दादांच्या सुबक अक्षरात सगळं होतं. दीड वाजता पहिलं परमिट परत. पुढच्या तासाभरात सुपरवायझरचे पाच फोन, प्रत्येकाची वेळ, प्रत्येकापुढं एकच शब्द, नकार. मामांना केलेले अकरा फोन, प्रत्येकापुढं 'लागला नाही'. आणि शेवटी मामांची सही, दोन पंचावन्न. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला. आबा एरवी साहेबाला बोलू देत नाहीत, त्या दिवशी ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, काल सगळ्यात जास्त मीच वरडत होतो. ह्या माणसानं माझं ऐकलं असतं, तर मामांच्या घरी मला तोंड दाखवाया जागा न्हवती. ह्याला काढायचं असंल तर गावाचं सबस्टेशन तुमी परत घ्या."

सबस्टेशन काही परत घेतलं गेलं नाही. ठेका आजही चालू आहे. पण चौकशी बसली, एजन्सीला लेखी तंबी गेली, आणि बाराव्या दिवशी दादांना परत त्याच खुर्चीवर घेतलं. तो सुपरवायझर दुसऱ्या तालुक्यात गेला. आणि आमच्या विभागात एक हुकूम निघाला. ठेक्याचा असो की कायमचा, एक महिना पूर्ण शिकल्याशिवाय आणि परमिटाची परीक्षा दिल्याशिवाय कुणीही ऑपरेटर पॅनलवर बसणार नाही. त्यांना शिकवायला दौंडला एक खोली मिळाली आणि शिकवणारी म्हणून माझं नाव लागलं. मला उत्तर द्यायला लावणारं पत्रही आलं होतं. ते उत्तर मी दिलं, आणि पुढं काही झालं नाही.

दादांचा पगार वाढला नाही. सुट्ट्या वाढल्या नाहीत. हे मी त्या हुकमाच्या आनंदातसुद्धा विसरू शकले नाही आणि साहेबांना भेटते तेव्हा दर वेळी विषय काढते. ते दर वेळी वर कळवतो म्हणतात.

पण अभिमान वाटतो का विचाराल तर वाटतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. आप्पांनी मला दिलं ते मी एका ठेक्यावरच्या माणसाला दिलं, आणि माझ्यापेक्षा कठीण वेळी त्यानं ते सांभाळलं. मला कायम नोकरीचा आधार होता. नकार द्यायला मला एवढं धाडस लागलं नसतं. आप्पांना मी हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "कुलूप घातलं व्हतं?" मी व्हय म्हणाले. ते समाधानानं परत कांद्याकडं वळले.

आता माझी सातवी तुकडी चालू आहे. यंदा त्यात चार मुली आहेत, एक आमच्या भांडगावकडची. मागच्या महिन्यात मी दादांना एक दिवस बोलायला बोलावलं. त्यांच्या सुट्टीचा दिवस नव्हता, दुसऱ्या पाळीच्या आधी आले. उभं राहून बोलायची सवय नाही, टेबलाची कड धरून अडखळत सांगत राहिले, त्या दिवशी काय काय झालं ते. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "पण काका, नोकरी गेली असती तर?"

"गेली होतीच की," दादा म्हणाले, "बारा दिवस." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. मुली हसल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहून घेऊ लागल्या. दादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, पाळीची वेळ होत आली होती. डब्याची पिशवी उचलली, मला "येतो ताई" म्हणाले आणि खाली जाऊन गाडीला किक मारली.